लवकरात लवकर मंगळवारी

ट्रॅकिंग नंबर अजून आला नव्हता. शुक्रवारची दुपार उलटून गेली होती आणि मी सारखी मेल उघडून बघत होते. पार्सल निघालं की कुरिअर कंपनी एक नंबर देते, त्यावरून ते कुठे पोचलंय ते कळतं. आमचा पार्ट बुधवारीच युरोपातून निघायला हवा होता. नंबर नाही, म्हणजे पार्ट निघालाच नाही.

मी हातकणंगल्याजवळच्या एका खासगी डेअरीत परचेस बघते. सकाळ-संध्याकाळ आसपासच्या गावांतल्या दूध संस्थांकडून आमच्याकडे दूध येतं. ते लगेच गार केलं नाही तर नासतं. गार करायच्या यंत्रणेत मुख्य असतो तो कॉम्प्रेसर. आमच्याकडे दोन आहेत. त्यातल्या एकाचं शाफ्ट सील गेलं होतं. आतला गार करणारा अमोनिया वायू फिरत्या दांड्याच्या कडेनं बाहेर येऊ नये म्हणून बसवलेला भाग म्हणजे हे सील. ते गेलं की कॉम्प्रेसर बंद ठेवायचा, दुसरा इलाज नाही. उरला तो जुना कॉम्प्रेसर, आणि सगळा भार तो एकटा ओढत होता. मेंटेनन्सचे सूर्यवंशी येता-जाता त्याच्यापाशी उभे राहून आवाज ऐकायचे आणि काही न बोलता निघून जायचे. एरवी हा माणूस जेवताना पण बडबडतो. ते गप्प झाले तशी माझी झोप उडाली.

शेवटी मी आमच्या जीएमच्या, म्हणजे खाडे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ऑर्डरची मेल त्यांनी स्वतः लिहिली होती.

"साहेब, सील निघालेलं दिसत नाही."

"निघंल की. त्या सप्लायरच्या मार्टिननं आपल्यासाठी होल्ड करून ठेवलंय. लेखी दिलंय त्यानं."

"होल्ड केलंय? मला मेल बघू द्या जरा."

साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यांचं वाक्य होतं, 'वुई रिक्वायर द सील ऑन ट्यूजडे ॲट द अर्लिएस्ट.' खाली मार्टिनचं उत्तर, 'नोटेड. वुई विल होल्ड द शिपमेंट अकॉर्डिंगली.'

मी ते परत वाचलं आणि सगळा घोळ लक्षात आला.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आपल्याकडच्या ऑफिसांत 'ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे लवकरात लवकर. 'किंडली रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट' असं लिहितच आपण म्हातारे होतो आणि इथे कुणाचं काही अडत नाही. पण त्याला वार किंवा तारीख जोडली की अर्थ फिरतो. 'ट्यूजडे ॲट द अर्लिएस्ट' म्हणजे मंगळवारच्या आधी नाही. गंमत अशी की हे मराठीतही आहे. 'लवकरात लवकर पाठवा' म्हटलं की माणूस पळत सुटतो. आणि शिंपी 'लवकरात लवकर मंगळवारी मिळेल' म्हणाला की आपण मंगळवारपर्यंत त्याच्या दुकानाकडे फिरकत नाही. साहेबांना म्हणायचं होतं पहिलं, लिहिलं गेलं दुसरं. त्यांना हवं होतं 'बाय ट्यूजडे ॲट द लेटेस्ट', म्हणजे उशिरात उशिरा मंगळवारी. नाहीतर सरळ 'ॲज अर्ली ॲज यू कॅन', तुम्हाला जमेल तितक्या लवकर.

हे तुम्हाला सांगणं सोपं आहे. खाडे साहेबांना सांगणं सोपं नव्हतं. आमच्या ऑफिसात इंग्रजीचा शेवटचा शब्द त्यांचा. मी लिहिलेल्या पत्रांवर ते लाल पेन फिरवतात आणि वर 'इम्प्रूव्ह' असं लिहून देतात.

"साहेब, त्यानं सील आपल्यासाठी राखून ठेवलेलं नाही. अडवून ठेवलंय. आपणच अडवायला सांगितलं."

"मी? मी लवकर पाठवा म्हटलंय मॅडम. अर्लिएस्ट म्हंजे काय, सगळ्यात लवकर. शाळेत शिकलोय की. अर्ली, अर्लियर, अर्लिएस्ट."

"शब्द बरोबर आहे. वाक्यात त्याचा अर्थ 'मंगळवारच्या आत नको' असा होतो."

साहेबांचा चेहरा उतरला, मग पारा चढला. "असं कुठं असतंय व्हय?"

"साहेब, वाद नंतर घालू. आज शुक्रवार आहे. तिकडची माणसं शुक्रवारी लवकर घरी जातात, मग थेट सोमवारी भेटतात. आत्ता फोन केला तर कदाचित सापडेल."

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. स्वतः केला नाही. त्यातच मला कळलं, चूक त्यांना पटली होती.

रिंग वाजत राहिली आणि बंद झाली. परत लावला. तेव्हा काय काय डोक्यात येत होतं ते सांगितलं तर हसाल. दुधाची वाहनं गेटाबाहेर रांगेत उभी दिसत होती. तिसऱ्यांदा मार्टिननं उचलला. त्यानं कोट घातला होता, निघायच्या बेतात होता, हे त्यानंच सांगितलं. मी वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. 'नॉट ॲट द अर्लिएस्ट. ॲट द लेटेस्ट.'

तो म्हणाला, पण तुम्ही तर थांबायला सांगितलंत. मला वाटलं, तुमचा फिटर रजेवर असेल. सील बुधवारपासून माझ्या टेबलावर पॅक करून ठेवलंय.

बुधवारपासून टेबलावर! मला रडू यायचंच बाकी होतं. त्यानं विचारलं, 'हाऊ सून डू यू नीड इट?' मी म्हटलं, 'सूनर दॅन यू थिंक.' हे व्याकरणात बसतं की नाही, मला त्या वेळी पर्वा नव्हती. त्याला अर्थ कळला. कुरिअरची शेवटची गाडी अजून गेली नव्हती, तो स्वतः खाली पार्सल घेऊन गेला. थोड्या वेळानं ट्रॅकिंग नंबर आला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. साहेबांनी फक्त मान हलवली.

पण गेलेले दिवस काही परत मिळत नव्हते; बुधवारी निघालं असतं तर सील शनिवारीच हाती आलं असतं. पार्सल मुंबईला उतरणार, तिथून कस्टम्समधून सुटणार आणि मग गाडीनं इकडे येणार. शनिवार-रविवार जुन्या कॉम्प्रेसरनं कसाबसा काढला. सोमवारी संध्याकाळच्या दुधाच्या वेळी तो ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. सूर्यवंशींनी चालू केला, परत बंद पडला. टाक्यांतलं दूध सांभाळायचं तर सगळं नवीन दूध घेऊन चालणार नव्हतं. साहेबांनी काही संस्थांना आज दूध पाठवू नका म्हणून कळवायला सांगितलं. फोन करायचं काम माझ्याकडे आलं.

त्यातली एक संस्था तात्यांची. तात्या गावातल्या दूध संस्थेचे चेअरमन, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"घेणार न्हाय म्हंजे? माणसं धारा काढून किटल्या घालून गेल्यात. वतायचं का आता गटारीत?"

"तात्या, मशीन बंद पडलंय. उद्या नक्की घेतो."

"म्हशीला सांगू व्हय, उद्या पान्हा सोड म्हणून?"

मी "चुकलं तात्या" एवढंच म्हणाले. त्यांनी फोन ठेवून दिला.

मंगळवारी सकाळी सील आलं. सूर्यवंशींनी जेवणाआधी बसवलं, कॉम्प्रेसर चालू झाला आणि त्यांची बडबडही चालू झाली. संध्याकाळचं दूध सगळ्या गावांचं घेतलं. मार्टिनला मी फोन केला नसता, तर ते सील मंगळवारी तिकडून निघून आठवड्याच्या अखेरीला आलं असतं, आणि मग किती गावांना फोन करावे लागले असते याचा विचारही नको वाटतो.

बुधवारी तात्या ऑफिसात आले. भांडायलाच आले होते. साहेबांनी चहा मागवला.

"पार्टला येवढा उशीर का लागला, ते सांगा मला," तात्या म्हणाले.

"तिकडची माणसं, तात्या. त्यांना आपल्यायेवढी..." साहेब बोलता बोलता थांबले. मी समोरच उभी होते. मी खाली मान घातली नाही. मनात म्हटलं, आता मार्टिनच्या माथी मारलंत तर मात्र मी बोलणार.

साहेबांनी कप खाली ठेवला. "न्हाय. चूक माझी. मी इंग्रजीत लिहिताना घोटाळा झाला. मंगळवारच्या आत पायजे म्हणायचं हुतं. त्याला समजलं, मंगळवारच्या आत नको."

तात्या त्यांच्याकडे बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच."

"आणि त्यापायी आमचं दूध वतलं."

"व्हय."

तात्यांनी चहा संपवला, टोपी सारखी केली आणि उठले. दारापाशी जाऊन म्हणाले, "साहेब, पुढच्या बारीला मराठीत लिवा. त्याला कळणार न्हाय. पर कळलं न्हाय म्हणून फोन तरी करंल."