मान वळणारा फ्लॅश

फोटो काढणाऱ्याकडं फोटो राहत नाहीत. ते गिऱ्हाईक घेऊन जातं. मागं राहतात ते किस्से! आणि त्यांना ना अल्बम लागतो, ना कपाट. नुसते साठत जातात.

लातुरात गोलाईपासून जवळच आमचा स्टुडिओ. तिघं भागीदार. रफिकभाई सगळ्यांत थोरले, त्यांचे वडीलही फोटोग्राफर. बालाजी अहमदपूरकडचा, घरची शेती, पण ह्याचं सगळं ध्यान कॅमेऱ्यात. आणि तिसरा मी, विलास. आता संध्याकाळी चहाला बसलो की एखादा नवा फोटोग्राफर येतो आणि विचारतो, "लग्नाच्या कामाला फ्लॅश कोणता घ्यावा हो?" झालं! त्याचा प्रश्न राहतो बाजूला आणि चहा दुसऱ्यांदा सांगावा लागतो.

* * *

आमचा पहिला फ्लॅश सरळ तोंडावर उजेड मारायचा. माणूस भिंतीजवळ उभा असला की त्याच्यामागं काळीकुट्ट सावली. एका लग्नाचे फोटो बघून नवरीची आजी म्हणाली, "नवरदेव एकच ठरला व्हता ना? हा मागं काळा कोण उभा हाय?"

त्या दिवशी रफिकभाईंनी नवा फ्लॅश घ्यायचं ठरवलं. आम्ही एसटीनं नांदेडला गेलो. दुकानदारानं सगळ्यात ताकदवान फ्लॅश काउंटरवर ठेवला. "मंडपाच्या त्या टोकाला उजेड जातो, साहेब! विमानाला दिसंल!"

रफिकभाईंनी तो हातात घेतला, त्याचं डोकं वर करून बघितलं, बाजूला फिरवून बघितलं. हलेना.

"मान वळत न्हाई ह्याची."

"वळवायची कशाला? उजेड सरळ समोर जातो ना!"

रफिकभाईंनी फ्लॅश परत ठेवला. "भाई, आमचं काम लग्नाचं हाय. नवरदेव ताठ, त्याचा बाप ताठ, मामा तर त्याहून ताठ. निदान फ्लॅशची मान तरी वळली पाहिजे!"

* * *

मग आला मान वळणारा फ्लॅश. त्याचं तोंड छताकडं करायचं, उजेड वर आपटून खाली येतो आणि चेहऱ्यावर दुधासारखा पसरतो. सावली गायब! बालाजीला हे इतकं आवडलं की तो चहा पितानासुद्धा छताकडं बघायचा.

उदगीरला धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. बालाजी एकटाच गेला. फ्लॅश वर केला आणि दिवसभर तसाच ठेवला. मंडपाचं कापड कोणत्या रंगाचं आहे, हे काही त्यानं बघितलं नाही.

कापड पिवळंधमक होतं!

शेठजी अल्बम बघायला स्टुडिओत आले. नवरी पिवळी, नवरा पिवळा, भटजी पिवळे, अक्षता पिवळ्या. शेठजींनी सगळा अल्बम आवडीनं बघितला आणि मिटून ठेवला.

"हळदीचे फोटो लई झ्याक आलेत. आता लग्नाचे दाखवा."

बालाजी टेबलाखाली काहीतरी शोधायला लागला. रफिकभाई शांतपणे म्हणाले, "शेठ, तुमच्या उदगीरची हळदच पक्की. अजून उतरली न्हाई!"

शेठजी पोट धरून हसले. नंतर आम्ही लॅबकडून रंग सुधारून सगळे फोटो पुन्हा छापून दिले. पण तेव्हापासून बालाजी लग्नघरी पोचला की आधी मान वर करून बघतो. लोकांना वाटतं, पोरगा लई देवभोळा हाय!

* * *

भूकंपानंतरच्या काळात किल्लारीच्या बाजूला लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. पायाखाली जरा काही झालं की बाहेर पळायचं, हे तेव्हा कुणाला सांगावं लागत नव्हतं. तरी लग्नं लागत होती. उलट तिथं लग्नाला गेलं की माणसं एकमेकांना घट्ट धरून बसलेली दिसायची.

अशाच एका शेडमध्ये लग्न लागल्यावर आम्ही नवरानवरीचा फोटो काढत होतो. नवा फ्लॅश बालाजीकडं, माझ्याकडं तो जुना. मी बटण दाबलं आणि फ्लॅशमधून आवाज आला, "फट्ट!"

वर पत्रा. आवाज घुमला. एका क्षणात शेड रिकामं! वऱ्हाडी बाहेर, भटजी बाहेर, मी कॅमेऱ्यासकट बाहेर. आणि सगळ्यांच्या पुढं कोण? मुंडावळ्या उडवत नवरदेव!

मैदानात उभं राहिल्यावर कळलं की जमीन जागेवर आहे, फक्त आमचा फ्लॅश गेलाय. आधी एक म्हातारा हसला. मग सगळे. कितीतरी दिवसांनी त्या गावात एवढं हसू ऐकलं, असं लोकच म्हणाले.

आत आलो तर नवरी तशीच पाटावर बसलेली. तिच्या शालूला बांधलेलं नवऱ्याचं उपरणं तिच्या मांडीवर. तिनं ते उचलून त्याच्या हातात दिलं. लग्न लागून घटकाही झाली नव्हती, पण आवाज चांगला खणखणीत होता.

"पुढच्या बारीला गाठ टाकून न्हाई, गाठीसकट पळायचं!"

* * *

एकदा बालाजीनं स्लेव्ह फ्लॅश आणला. म्हणजे गुलाम फ्लॅश. हा लांब स्टँडवर उभा करायचा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश चमकला की त्याला बघून हाही चमकतो. नांदेडला एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही तो स्टेजच्या कोपऱ्यात उभा केला.

पण तेव्हा घराघरात छोटे कॅमेरे आले होते. प्रेक्षकांतून कुणाच्या आईनं फोटो काढला, आमचा चमकला! कुणाच्या मामानं काढला, आमचा चमकला! प्रमुख पाहुणे माईकपाशी येईपर्यंत त्याचे सेल बसले.

बालाजी लई चिडला. "आपला फ्लॅश आन् गावासाठी राबून राहिला!"

रफिकभाई म्हणाले, "नावच स्लेव्ह हाय त्याचं. मालक कोण, हे तू त्याला सांगितलं व्हतं का?"

* * *

मग लातुरात क्लासेसचा जमाना आला. गल्लीगल्लीत क्लास, चौकाचौकात गुणवंतांचे बोर्ड. निकाल लागला की दुपारपर्यंत फोटो पाहिजेत! पोर्ट्रेटसाठी आम्ही खास छत्रीवाला फ्लॅश लावला होता, पण हुशार पोरांची एक अडचण. निम्म्यांना चष्मा! फ्लॅश काचेवर चमकायचा आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरे दिवे.

रफिकभाईंनी उपाय काढला. एका जुन्या चष्म्याच्या काचा काढून टाकल्या. चष्मेवालं पोरगं आलं की त्याचा चष्मा खिशात आणि आमची रिकामी फ्रेम नाकावर. डोळे एकदम स्वच्छ!

हे एका क्लासच्या सरांना इतकं पसंत पडलं, की चष्मा नसलेल्या पोरांनाही त्यांनी ती फ्रेम लावायला सांगितली. "अभ्यासू दिसतात हो!"

बोर्ड लागला. ओळीनं गुणवंत, सगळ्यांच्या नाकावर एकच काळी फ्रेम. एक पालक तो बोर्ड बघून सरांकडं आले आणि म्हणाले, "सर, तुमच्या सगळ्या पोरांना एकच नंबर दिसून राहिला?"

सर ताठ झाले. "हाव! आमच्याकडं सगळ्यांना एकच नंबर. पहिला!"

* * *

आता सोजरमावशींचं सांगतो.

नांदेडच्या दुकानदारानं आम्हाला दोन फ्लॅश वापरून बघायला दिले होते. एक मोठा, उजेड भरपूर, पण एकदा चमकला की पुन्हा तयार व्हायला वेळ घ्यायचा. तोवर नुसता कुंऽऽ करत बसायचा. दुसरा छोटा, उजेड बेताचा, पण लगेच तयार. एक ठेवायचा, एक परत द्यायचा. रफिकभाईंचं मन मोठ्यावर, बालाजीचं छोट्यावर. दोन्ही घेऊन आम्ही किल्लारीकडं एका बारशाला गेलो. तोवर तिथं नवी घरं झाली होती.

बारसं उरकलं आणि शेजारच्या सोजरमावशींनी आम्हाला घरी बोलावलं. त्यांचे मालक भूकंपात गेले. त्यांचा एकुलता एक फोटो भिंतीला होता, तोही भिंतीबरोबर गेला.

"नागनाथ अगदी त्यांच्यावाणी दिसतो," मावशी म्हणाल्या. "त्याला फेटा बांधते. मी शेजारी बसते. तुम्ही काढा."

नागनाथ त्यांचा मुलगा. चाळिशीतला गडी, आईपुढं लाजून लाल! पण त्यानं फेटा बांधून घेतला, मिशीला पीळ दिला आणि खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसला. मावशी त्याला बघून दारातच थांबल्या. मग डोक्यावरून पदर घेतला, शेजारच्या खुर्चीत जरा अंग चोरून बसल्या आणि नजर खाली.

रफिकभाईंनी मोठा फ्लॅश पांढऱ्या छताकडं वळवला. एक फोटो काढला. छान आला असणार, दोघं अगदी जुन्या काळच्या जोडप्यासारखे ताठ.

"मावशी, आता जरा हसा की."

"मालकाच्या शेजारी बसून कधी हासले न्हाई बाबा. चारचौघांत बरं दिसत न्हाई म्हणायचे."

मावशींनी हळूच मान वळवून त्या फेट्याकडं बघितलं. मिशीकडं बघितलं.

"आता काय म्हणतेत मला!"

आणि अशा हसल्या! पदर डोक्यावरून घसरला, पडलेल्या दातांची जागा दिसली, तरी थांबेनात. रफिकभाईंनी बटण दाबलं. मोठा फ्लॅश कुंऽऽ करत होता. चमकलाच नाही. रफिकभाईंचा चेहरा पडला.

तेवढ्यात बाजूनं उजेड पडला. बालाजीनं छोट्या फ्लॅशनं फोटो काढला होता.

आठवड्यानं आम्ही फोटो द्यायला गेलो. ताठ बसल्याचा फोटो नागनाथनं लगेच भिंतीला लावला. हसऱ्याचीही मी फ्रेम करून नेली होती. मावशींनी ती हातात घेतली, पदरानं काच पुसली आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या.

"ह्यो बी लावतो, आई," नागनाथनं हातोडी उचलली.

"न्हाई." मावशींनी पेटी उघडली, लुगडी बाजूला सारली आणि फोटो तळाशी ठेवला.

"ह्यो आमच्या दोघांतला हाय."