शेवटचा आल्याशिवाय चहा नाही

माझा दादा एकटा मेला. वर्षभर सगळी मला उलटंच सांगत हुती.

आज त्याचं वर्षश्राद्ध. माणसं जेवून गेली, आता लिहायला बसलोय.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांच्यासाठी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ आनंदा. मिलिटरीतनं रिटायर होऊन कराडला राहिला आणि साठीला टेकल्यावर सायकलिंग सुरू केलं. घट्ट चड्डी, डोक्याला हेल्मेट.

मी म्हणायचो, "दादा, देवळापुढनं जाताना तरी वरनं लुंगी गुंडाळ की."

तो म्हणायचा, "तू तुझा ऊस बघ."

दर रविवारी त्यांचा ग्रुप पहाटे निघायचा. सातारच्या बाजूला हायवेकडेला सायकलवाल्यांचाच एक कॅफे हाय, तिथंपर्यंत. गेल्या वर्षी असाच निघाला. चढावर अटॅक आला. संपलं.

आई तवापासनं एकच विचारती.

"शेवटाला कोण हुतं रं त्याच्याजवळ?"

कॅफेचा मालक अजित मातीला आला हुता. म्हणाला, "काका, आम्ही सगळे त्यांच्याजवळ होतो."

दहाव्याला ग्रुपमधल्या वैशाली मॅडम रडत रडत बोलून गेल्या, "चहाचा कप हातात होता, तेवढ्यात फोन आला."

आता तुमीच सांगा. सगळी जवळ हुती, तर फोन कुणी केला? आणि कप कुठनं आला?

बायको म्हणाली, "जाऊ द्या की. कशाला उकरताय?"

न्हाई जाऊ देत.

गेल्या रविवारी कुणाला न सांगता गाडी काढली आणि थेट कॅफेवर गेलो.

माणसांपेक्षा सायकलींचीच बडदास्त जास्त. बाहेर आडव्या पाइपला सीट अडकवून टांगायची सोय, हवेचा पंप, पंक्चरचं सामान. आत केळी, चिक्की, उकडलेली रताळी. भिंतीवर दादाचा फोटो. बघून हात जोडलं.

पण हार ताजा हुता. मला त्याचाबी संशय आला.

अजितनं बसवलं. मी चहा मागितला.

"थोडं थांबा काका, ग्रुप येतोय. शेवटचा आल्याशिवाय आपण चहा ओतत नाही. दादांनीच घातलेला नियम आहे. ते स्वतः कायम सगळ्यांच्या मागे राहायचे. कुणी दमलं तर त्याच्यासोबत."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो.

"मग त्या दिवशी चहा कसा ओतला?"

अजित पुसलेलं टेबल परत पुसाय लागला.

तेवढ्यात ग्रुप पोचला, मॅडम आत आल्या. त्यांनाबी तेच विचारलं. हेल्मेट न काढताच खुर्चीवर बसल्या.

"सगळ्यात हळू मी चालवायचे. दादा कायम माझ्या मागे. मी पोचले म्हणजे दादा आलेच, असं सगळे धरून चालायचे. त्या दिवशी चढावर मला म्हणाले, तुमी व्हा पुढं, आलोच मी. मी आत आले आणि अजितने कप भरले. बाहेर कुणी बघितलंच नाही."

"आणि फोन?"

"एका टेम्पोवाल्याचा, दादांच्याच मोबाईलवरून. त्याला ते रस्त्याकडेला बसलेले दिसले. तो जवळ गेला, तोवर..."

त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

लय राग आला. टेबल उलथून टाकावं वाटलं. जो माणूस मागं राहून सगळ्यांना सांभाळतोय, त्याच्या मागं कोण हाय, हे एकालाबी सुचू नये?

"मग आमच्याशी खोटं का बोललास?"

अजित खाली बघून म्हणाला, "तुमच्या आईंनी दारातच माझा हात धरून विचारलं, काका. मला दुसरं काही बोलताच आलं नाही."

खरं का सारवासारव, देव जाणे. मी त्याला माफ केलेलं न्हाई. चहा न पिताच उठलो.

आज दुपारी पंगत उठल्यावर आईनं मला जवळ बोलवलं. मी कॅफेवर गेल्याचं तिला कुणीतरी सांगितलं हुतं.

"काय कळलं? कोण हुतं रं?"

माझा हात तिच्या हातात. सगळं खरं सांगायचं म्हणून तोंड उघडलं.

"सगळी हुती, आई. मॅडमनी डोकं मांडीवर घेतलं हुतं. पाणीबी पाजलं."

पाण्याचं तर अजितबी बोलला नव्हता. ते माझ्या मनाचं.

आईनं मग पदरानं डोळं पुसलं.

"पाणी मिळालं न्हवं माझ्या लेकराला? मग झालं."

आणि भिंतीकडं तोंड करून शांत झोपली.

आई फेसबुकवर न्हाई. घरी येणाऱ्यांनी तिच्यापुढं ह्यातलं एक अक्षर काढायचं न्हाई. हात जोडून सांगतो.

दादा, तिथं मी पाहिजे हुतो. धाकट्याचा नमस्कार घे.