वेबसाइटवरचा पत्ता

ती वेबसाइट मी हौसेने बनवली नव्हती. नोकरी जाऊन बरेच दिवस झाले होते. महिनाअखेरीपर्यंत काम मिळालं नाही तर बंगळुरूतली हेब्बाळची खोली सोडून नागपूरला आईकडे परतायचं, एवढंच पुढे दिसत होतं. अशात एका छोट्या कंपनीकडून निरोप आला, की संध्याकाळपर्यंत तुमच्या कामाची वेबसाइट पाठवा, आवडली तर लगेच रुजू व्हा. मी मोबाइल ॲपची पानं, बटणं, चित्रं डिझाइन करणारी, पण स्वतःची वेबसाइट मला कधी लागलीच नव्हती.

कोड मला येत नाही. म्हणून फुकटचं एक सॉफ्टवेअर उघडलं, ज्यात चौकटी माउसने ओढून हव्या तिथे ठेवायच्या. दिसायला पोरखेळ! तयार नमुन्यात पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात एक गोरी बाई कॉफी पीत हसत होती आणि खाली लिहिलं होतं, की मला माझं काम मनापासून आवडतं. तिला आधी हाकललं. मग तिच्या जागी ठेवायला माझ्याकडे काहीच निघेना. इतकी वर्षं केलेलं सगळं काम जुन्या कंपनीच्या लॅपटॉपमध्ये, आणि तो परत करून झालेला. घरात ज्या कच्च्या आकृत्या सापडल्या त्या गच्चीवर उन्हात मांडल्या आणि फोनने फोटो काढले.

खाली उतरताना जिन्यात घरमालकीण अक्का भेटल्या. "केलसा सिक्ता?" काम मिळालं का, हे त्या भेटतील तेव्हा विचारायच्याच.

"इल्ला अक्का," मी नाही म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी मला त्यांच्या चांगुलपणाचाही राग आला.

फोटो डावीकडे सरकवला की मजकूर उजवीकडे पळे. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर नीट बसलेलं पान फोनवर उघडलं, तर माझं नाव माझ्याच चित्राच्या डोक्यावर चढून बसलेलं. तळाशी त्या फुकट सॉफ्टवेअरच्या जाहिरातीची पट्टी होती, ती काही केल्या निघेना. तिच्यावर पांढरी चौकट ठेवली, तर पट्टी निर्लज्जासारखी चौकटीच्या वर आली. म्हणवून घ्यायचं डिझायनर आणि एक पट्टी झाकता येत नाही! मला रडू कोसळलं. डोळे पुसायलाही न थांबता मी चौकटी ओढत राहिले.

अखेर पान कसंबसं उभं राहिलं. कंपनीला लिंक पाठवली. आमच्या घरात कुठलंही काम मोठ्यांना दाखवल्याशिवाय पुरं होत नाही, म्हणून आईलाही पाठवली. घाईत तिला गेली ती पान बदलता येणारी लिंक, आणि तिथे केलेला बदल लगेच सगळ्यांना दिसायचा. हे मला तेव्हा कळलं नाही.

संध्याकाळी कंपनीतल्या बाईंचा फोन आला. "काम अच्छा लगा," त्या म्हणाल्या. "पर आप तो नागपुर में हैं. हमें रोज़ ऑफिस आनेवाला कोई चाहिए था."

"नहीं नहीं, मैं यहीं हूँ, बेंगलुरु में!"

पण त्यांनी तोवर दुसऱ्या कुणाला होकार कळवला होता.

मी पान उघडलं. माझ्या नावाआधी 'कु.' लागलं होतं, मध्ये बाबांचं नाव आलं होतं, आणि पत्त्याच्या जागी हेब्बाळ जाऊन नागपूरचं घर आलं होतं, गल्ली आणि पिनकोडसकट. आई निवृत्त शिक्षिका. पोरांचे अर्ज तपासण्यात तिचा जन्म गेलेला.

मी तिला फोन करून ओरडले, "कशाला हात लावलास तू? कशाला बदललंस?"

"अगं, बदलवलं कुठे? चुकलेलं होतं ते नीट केलं. ती तर भाड्याची खोली आहे. पत्ता म्हणजे घरचाच लिहितात ना?"

"त्या पत्त्यापायी माझी नोकरी गेली, आई!"

ती अगदी हळू म्हणाली, "मग कोणता लिहू, सांग. आत्ताच्या आत्ता बदलवून देते."

महिना संपत आला होता. मी फोन कानाला लावून उभी राहिले, आणि मला तिला एकही पत्ता सांगता आला नाही.