खड्ड्याच्या काठावरची सोयरीक

"ज्याला घाई असेल त्याने घरी जावं!" खड्ड्यावर ताणलेल्या ताडपत्रीखालून ही आरोळी आली की समजायचं, आमचे भाऊ कामाला बसले. जमिनीखालून जाणाऱ्या तेहतीस हजार व्होल्टच्या केबलचे जोड करण्यात त्यांची हयात गेली. मी त्यांचा सुपरवायझर, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात त्यांचा चहा मी आणायचो. आता ते खेडला जाऊन राहिलेत आणि रत्नागिरीतले आमचे खड्डे अगदी मुके झालेत.

केबलशी ते लाडात बोलत. "वळ बघू, बाय... अश्शी! शहाणी गो माझी." घरातली खरी बाय, म्हणजे त्यांची मुलगी, मात्र लग्नाची होती, आणि आलेली स्थळं भाऊंच्या फटकळ तोंडामुळे पळत होती. वहिनींनी तर धसकाच घेतला होता.

शेवटी नाटे गावचं एक स्थळ आलं. मुलगा जहाजावर. मंडळी रविवारी यायची, ती शनिवारीच दारात! मुलाला जहाजावरून बोलावणं आलं होतं, सकाळी निघायचं होतं. भाऊंचं घर रस्त्यापलीकडे, भाऊ खड्ड्यात, आणि केबल नुकतीच सोललेली. अशी केबल उघडी टाकून उठता येत नाही. आत घामाचा थेंब जरी राहिला, तरी वीज सोडल्यावर जोड फुटतो.

वहिनींनी मला पिटाळलं. "म्हणावं, आज उठला नाहीत तर पोर घरातच राहील!"

मी निरोप दिला. आतून आवाज आला, "मेल्या, त्यांनाच हकडे आण!"

आणि मंडळी, काय सांगू! खड्ड्याच्या काठावर खुर्च्या आल्या, पोहे आले, मुलगी आली. जाणारे-येणारे स्कूटर थांबवून बघायला लागले. मुलाचे वडील ताडपत्रीजवळ तोंड नेऊन ओरडले, "मुलगी पसंत आहे! तुमचं काय म्हणणं?"

"माझं पण हो! पण आत वाकू नका, घाम पडेल!"

मी मनात म्हटलं, गेलं हेही स्थळ! पण मुलगाच खो खो हसत सुटला. "आई, आमच्या इंजिनरूममध्ये अस्संच बोलतात गो!" मग काय, सगळा काठ हसायला लागला. पोहे सांडले, ते कोणी उचललेही नाहीत.

संध्याकाळी भाऊ वर आले. व्याह्यांनी मिठी मारली आणि हा फटकळ माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मी घाईघाईने रुमाल पुढे केला.

"राहू दे रे," ते म्हणाले. "पडू दे आता. जोड बंद झालाय."