लेंटपुरतं बोलणं

मधुकरराव नागपूरच्या सदर भागातल्या चर्चला कधी चुकत नसत. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातली ड्यूटी संपली की ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या व्रताच्या, म्हणजे लेंटमधल्या, संध्याकाळच्या उपासनांनाही ते धुतलेला शर्ट घालून हजर. त्यांचे थोरले भाऊ रुपरावही चुकत नसत. दोघे मध्ये खांब ठेवून बसत आणि एकमेकांशी बोलत नसत. वडिलांना माती देताना मधुकररावांनी एक गीत उचललं होतं, रुपरावांनी दुसरं. कोणीच थांबेना. म्हातारा दोन गीतांच्या कल्लोळात पुरला गेला, आणि त्याच्याबरोबर भावांचं बोलणंही.

त्र्याहत्तर साली लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, पाळकसाहेबांनी बजावलं, "लेंटमध्ये जे मनापासून आवडतं तेच सोडा. कारली सोडून देवाला फसवू नका."

मधुकरराव घरी येऊन विचारात पडले. तंबाखू नव्हती, पान नव्हतं, मटण महिन्याकाठी एकदा. बायको शामला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुमाले सगळ्यात जास्त काय आवडते, मी सांगू? तुमच्या दादासंगचा अबोला. तो सोडा."

"तो काय खायचा जिन्नस आहे?"

"चवीनं तर खाता."

मधुकररावांनी अबोला सोडला, मात्र ईस्टरपर्यंतच. दुसऱ्या दिवशी चर्चजवळच्या भावाच्या घरी जाऊन त्यांनी उंबऱ्यातच तसं सांगितलं, "दादा, लेंट आहे म्हणून आलो. ईस्टरनंतर येणार नाही."

रुपराव खाटेवर पाय सोडून बसले होते. "बस मंग," ते म्हणाले. "मी बी गोड सोडलं आहे. चहा बिनसाखरेचा भेटन."

मग मधुकरराव रोज जाऊ लागले. नळाला पाणी किती वेळ आलं, पाळकसाहेबांचा उपदेश किती लांबला, एवढंच बोलणं होई. तेवढं झालं की ते हजेरी लागल्यासारखे उठत.

ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, मिरवणूक निघाली. रुपराव पुढे, हातात झावळी, डोक्यावर काही नाही. नागपूरचं एप्रिलचं ऊन भक्तीची भीड ठेवत नाही. दुपारी ते घरच्या अंगणातच कोसळले. रुपरावांच्या बायकोचा, इंदूवहिनींचा, निरोप येताच मधुकररावांनी रजा टाकली आणि भावाच्या उशाशी बसले. पन्हं पाजायचं, कपाळावर ओल्या घड्या ठेवायच्या, तळव्यांना कांदा चोळायचा. त्यात गुड फ्रायडे आला. दुपारची मोठी उपासना सुरू झाली, गाणं खिडकीतून ऐकू येऊ लागलं.

रुपरावांनी डोळे उघडले. "तू चर्चले गेला नाही? काहून?"

"तुह्ये तळवे कोण चोळन गा?"

रुपराव बराच वेळ गाणं ऐकत राहिले. मग छताकडे बघत म्हणाले, "बाबाच्या वेळी तुह्यंच गीत चांगलं होतं."

मधुकररावांचा हात थांबला. "मंग तू थांबला काहून नाही?"

"माह्यं दुसरं कडवं सुरू झालं होतं."

मधुकररावांना हे पटलं. अर्ध्या कडव्यात ते स्वतःही कधी थांबले नव्हते. त्यांनी दुसरा तळवा घेतला. डोळे ओले झाले होते, पण हातात कांदा होता, त्यामुळे कोणाला काही सांगावं लागलं नाही.

ईस्टरला रुपराव इंदूवहिनींचा हात धरून चर्चला आले. लेंट संपलं. सोमवारी मधुकरराव शब्दाप्रमाणे ड्यूटीवरून थेट घरी गेले आणि कोणी न विचारताच वर्तमानपत्र दोनदा वाचून काढलं.

मंगळवारी दारात सायकलरिक्षा थांबली. रुपराव काठी टेकत उतरले आणि सरळ खुर्चीवर येऊन बसले.

मधुकरराव म्हणाले, "मी सांगितलं होतं, ईस्टरनंतर येणार नाही."

"तू येणार नाही म्हटलं," रुपराव म्हणाले. "मी येणार नाही असं कुठं म्हटलं?"

मधुकररावांनी यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. "जेवूनच जा मंग," ते म्हणाले.

पुढे दोघा भावांत भांडणं झालीच, चांगली कडाक्याची. पण ती बोलून झाली.