वांग्याच्या पानातला विटकरी टाका

मुंबईत पाखरांना आमंत्रण देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहायचा. मुलुंडला तेव्हा कावळे इतके होते की दोरीवर पांढरा परकर वाळत घातला तर संध्याकाळी तो ठिपक्यांचा होऊन घरात यायचा. कबुतरं जिन्यात माणसांना वाट देत नसत. चिमण्या ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, देवाच्या तसबिरीमागे, मीटरच्या खोक्यात, जिथे बोट शिरेल तिथे संसार मांडून बसलेल्या. अशा गावात पाखरं बोलवायची म्हणजे डासांना लग्नपत्रिका पाठवायची.

पण साहेब रिटायर झाले होते, आणि रिटायर माणसाला कोण समजावणार? वर ते दीड महिना लेकीकडे परदेशात राहून आलेले. ऐंशीच्या त्या दशकात लोक तिकडून टेपरेकॉर्डर आणत, सेंट आणत, निदान चॉकलेटं तरी. साहेबांनी आणली प्लास्टिकची एक नळी आणि एक जाडजूड पुस्तक. नळीत दाणे भरायचे, ती फांदीला टांगायची, मग पाखरं येतात आणि आपण खिडकीत बसून चहा पीत बघायचं. पुस्तकात बर्फावर बसलेली लाल छातीची गुबगुबीत पाखरं होती. त्यातल्या एकानेही कधी ठाण्याची खाडी पाहिली नव्हती आणि पाहिली असती तर वासानेच मागे फिरलं असतं.

नळी टांगली. पहिल्या दिवशी कबुतरं आली, दुसऱ्या दिवशी त्यांची नातलग, तिसऱ्या दिवशी थेट विक्रोळीपासून घाटकोपरपर्यंतची सगळी जमात. त्यांच्या वजनाने बदामाची फांदी इतकी वाकली की तळमजल्यावरच्या आमच्या खिडकीतून मी नुसता हात बाहेर काढून कबुतराची शेपटी धरू शकत होते. खाली सांडलेली बाजरी उगवली. तिला कणसं धरली. पण साहेबांना हवा असलेला एकही पक्षी फिरकला नाही.

मग त्यांनी सुताराकडून घरटी करून घेतली. फळीच्या पाच पेट्या, प्रत्येकीला पुस्तकातल्या मापाचं सव्वा इंची भोक. सुतार म्हणाला, "साहेब, ह्यातनं लिंबू जाणार नाही." साहेब म्हणाले, "लिंबाला बोलावलंय कुणी?" पेट्यांना पोपटी ऑइलपेंट दिला आणि खाली पाखरांच्या नावांच्या पाट्या लावल्या: दयाळ, तांबट, नाचण, सुभग. पाचवीवर लिहिलं, 'राखीव'. जशी काही फ्लॅटांची सोडत निघाली होती. दयाळच्या पेटीत गांधीलमाश्या घुसल्या. तांबटाच्या पेटीत पालींनी अंडी घातली. बाकीच्या दोन्ही पेट्यांत मुंग्यांनी मजले चढवले. राखीवमध्ये झुरळं राहायला गेली, आणि एवढं एकच वाटप नियमाला धरून झालं असं माझं आजही मत आहे.

साहेबांना पाखरांचा दोष कधी दिसलाच नाही. दोष पोरांच्या क्रिकेटचा. जानेवारीच्या वार्षिक सभेत ते उभे राहिले ते बसायलाच तयार होईनात. "आपल्याकडे शिंपी नावाचा पक्षी आहे," ते म्हणाले, "चोचीने पानाला पान शिवतो! शिवून आत घरटं करतो! आणि तुमच्या पोरांच्या चेंडूमुळे तो आपल्या आवारात येत नाही!"

आई बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसली होती. ती घरी ब्लाऊज शिवायची. अख्ख्या आळीचे खांदे-छाती तिला तोंडपाठ. ती पदराआड फिसकन हसली. "शिवता म्हणे! दोरो कोण ओवता?"

साहेबांनी ठराव मांडला आणि चहा-वेफर्सकडे नजर लागलेल्या सभेने तो एकमताने पास केला. तो टाइप केला मी. टायपिंगच्या क्लासला जाणारी इमारतीत मी एकटीच होते, मिनिटाला तीस शब्द आणि त्यात चाळीस चुका. साहेब मागे हात बांधून, येरझाऱ्या घालत सांगत होते: 'संस्थेच्या आवारात पक्षी जिथे कुठे घरटे बांधील, त्याच्या सभोवती दहा फूट जागेत कोणीही खणणार, तोडणार वा खेळणार नाही.' 'जिथे कुठे' हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. आवडले असणार.

इथवर सगळं गमतीचं होतं. मे महिन्यात ते आमच्या ताटावर आलं.

इमारतीच्या मागे कंपाउंडच्या भिंतीलगत चार फूट रुंद आणि तीसेक फूट लांब अशी एक पट्टी होती. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे सिमेंटची ढेकळं आणि तुटकी कमोडं पडली होती. आईने ती एकटीने उपसली. माती गावाहून आणली. लोक कोकणातून आंबे-फणस आणतात, ही बाई एस.टी.च्या टपावरून मातीच्या पिशव्या आणायची. कंडक्टरने एकदा विचारलं, "काकी, गावाक माती उरली की नाय?" बाबांची विक्रोळीची कंपनी तेव्हा महिनाभर चाले आणि दोन महिने बंद असे. अशा दिवसांत आमच्या घरी भाजी होती ती त्या पट्टीमुळे. वांगी, भेंडी, अळू, भिंतीवर तोंडली. मशीनवरून उठली की आई तिथे जाऊन बसायची. तिला भेटायला येणाऱ्या बायका दार वाजवायच्याच नाहीत, सरळ मागे जायच्या.

साहेबांना शोध लागला की पुढच्या बाजूला फार वर्दळ आहे, पाखरांना एकांत हवा. एकांत कुठे? मागच्या पट्टीत. तिथे हिरवळ लावायची, मध्ये दगडाचं न्हाणीघर, पाखरांच्या आंघोळीला. आमच्या नळाला दिवसातून दीड तास पाणी आणि कावळ्यांना टब! कमिटीच्या नोटिशीत आईच्या बागेचं नाव होतं 'अनधिकृत भाजीपाला'. रविवारी सकाळी खणायला माणूस येणार होता.

आई वर जाऊन त्यांना भेटली. मीही सोबत होते. साहेब दुर्बिणीची काच पुसत होते.

"साहेब, वांग्याला आता फुलं धरलीयत. दोन महिने थांबा."

"बाई, वांगी बाजारात मिळतात," साहेब म्हणाले. "दयाळ मिळतो का?"

खाली आल्या आल्या आई मशीनवर बसली. शनिवारी दुपारी, इमारत जेवून घोरत असताना, तिने मशीनवरची मान वर केली.

"तो ठराव वाच गो परत."

मी कार्बन कॉपी काढून वाचली.

"जिथे कुठे म्हणजे वांग्याच्या झाडार पण?"

"जिथे कुठे म्हणजे कुठेही."

"आणि ता पान शिवणारा पाखरू. तेचो फोटो खय मिळात?"

साहेबांच्या पुस्तकात नव्हता. माझ्या शाळेच्या जुन्या पुस्तकात अंगठ्याएवढं चित्र होतं. आईने ते चष्मा लावून असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक मासिकातल्या ब्लाऊजचा फोटो आणून दाखवतं तेव्हा ती पाहायची: कट कुठे, शिवण कुठे, कापड किती लागेल. मग सात नंबरची सुई घेतली आणि मशीनवर जे रीळ चढवलेलं होतं त्याचाच दोरा तोडला. तो विटकरी होता. वरच्या वहिनींचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा ब्लाऊज अर्धा शिवून मशीनवर पडला होता.

"अगं, विटकरी? हिरवा घे ना!"

"हिरवो संपलो. पाखराक काय दुकान उघडा असता?"

मधल्या झाडाची दोन रुंद पानं तिने झाडावरच, देठ न दुखवता, जवळ आणली आणि कडा जुळवून हेम घातली. लहान असताना तिने गावच्या समाराधनेला पत्रावळी लावलेल्या. पानाला कुठे टोचलं की फाटत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. टाके तांदळाच्या दाण्याएवढे, एका ओळीत. मी उशी उसवून कापूस दिला. तिने तो आत भरला, वर चिमूटभर सुकं गवत. गाठ आतल्या बाजूला. मग दाताने दोरा तोडला.

रविवारी कुदळवाला आला. त्याच्या मागे साहेब, सेक्रेटरी आणि फुकटचा तमाशा बघायला अर्धी इमारत. आईने मला कोपराने ढोसलं. मी अशी किंचाळले की गव्हाणपाड्याच्या नाक्यावर रिक्षा थांबल्या.

"घरटं! वांग्यात घरटं!"

साहेब वाकले. खिशातून भिंग काढलं. एक मिनिट, दोन मिनिटं. कुदळवाल्याने बिडी पेटवून संपवली. मग साहेब हळूहळू सरळ झाले, आणि सांगते, ह्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शिंपी!" ते म्हणाले. "हा टाका बघा. हा बघा, केवढा एकसारखा! माणसाच्या हाताला हे जमणं शक्य नाही!"

मी आईकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर तिथेच फुटले असते.

सेक्रेटरी हा हिशेबाचा, संशयी माणूस. तो म्हणाला, "साहेब, दोरा विटकरी दिसतोय."

"रंगीत धागा हे पक्षी मुद्दाम शोधतात," साहेब एका क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "मादीला आकर्षित करायला."

एवढ्यात वर बाल्कनीत वहिनी येऊन उभ्या राहिल्या. गेले सहा महिने त्यांच्या गाद्यांत बाजरी निघत होती आणि गॅलरीत पाय ठेवायला कबुतरांची परवानगी लागत होती. त्यांनी पानाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

आई वर बघून म्हणाली, "वहिनी, ब्लाऊज उद्या देते हां."

"सावकाश द्या," वहिनी म्हणाल्या. "काहीच घाई नाही."

ठरावाची प्रत मी आणून दिली. सेक्रेटरीने तो मोठ्याने वाचला. सभोवती दहा फूट म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून वीस फूट पट्टी गेली. उरलेल्या पाच-पाच फुटांच्या टोकांत हिरवळ काय लावणार? कुदळवाला परत गेला. साहेबांनी स्वतःच्या हाताने आईच्या बागेभोवती सुतळी बांधली आणि वर पाटी लावली, 'शांतता राखा'. आई त्या पाटीखाली बसून बायकांशी मोठमोठ्याने गप्पा मारायची.

"अंडी आहेत का बघायला हवं," साहेब चौथ्या दिवशी म्हणाले.

"हात नका लावू साहेब," आई म्हणाली. "पहिलटकरीण असेल. बुजली तर जाईल माहेरी."

पाखरांचं माहेर! पण त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. शिवलेलं पान आठवडाभरात पिवळं पडायचं, मग आई दुसरी जोडी शिवायची. अशा तिने तीन जोड्या शिवल्या. साहेबांच्या वहीत एका हंगामातल्या तीन विणी नोंदल्या गेल्या आणि त्यावर ते अंधेरीला कुठल्याशा पक्षीमित्रांपुढे तासभर बोलून आले. टाळ्या पडल्या म्हणे. ज्यांनी वाजवल्या त्यांच्याविषयी काय बोलावं! त्यांच्याही घरी पोपटी पेट्या आणि झुरळं असणार.

पट्टीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. वर्षभरात साहेबांचा पाखरांतला रस आटला आणि ते निवडुंगांकडे वळले. निवडुंग निदान उडून जात नाहीत.

पुढच्या आषाढात आई जुनी वांगी उपटून नवी रोपं लावायला मागे गेली आणि गेली ती परत येईना. मी पाहायला गेले तर ती मधल्या झाडापाशी चष्मा लावून वाकलेली. भिंतीपलीकडच्या शेवग्याच्या फांदीवर मुठीत मावेल असा एक हिरवट पक्षी आमच्या दोघींच्या नावाने ठणाणा करत होता. एवढंसं धूड आणि आवाज मामलेदाराचा! झाडाची दोन पानं खरोखरच एकमेकांना जोडलेली होती. आत ठिपक्यांची तीन अंडी.

"साहेबांना सांगू?" मी विचारलं.

"खबरदार! येतलो तो नळी घेऊन."

तिने एका बोटाने पानाची कड जराशी उचलली. शिवण नीट बघितली. उलट बाजूने बघितली. तिचं तोंड असं झालं, जसं दुसऱ्या टेलरकडे बिघडवून आणलेला ब्लाऊज कुणी तिच्यापुढे टाकल्यावर व्हायचं.

"ह्या शिवणकाम?" ती म्हणाली. "एकेक टाको सुटो. सलग दोरो नाय, गाठ नाय, नुसते भोकातसून कापूस ओढून ठेवल्यान हा. हिका कोण ब्लाऊज शिवूक देतला?"

पक्षी वरून आणखी ओरडला. आईने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गळ्यातली टेप काढली, तिचं एक टोक माझ्या हातात दिलं, आणि झाडापासून दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट मोजून तिथे एकेक वीट ठेवली. नवी रोपं तिने डब्यातच राहू दिली, ती तिथेच कुजली.

त्या पावसाळ्यात आम्ही बाजारातली वांगी खाल्ली. निम्मी किडकी निघाली.