लीनाचे खिळ्यांचे जोडे

माझ्या नणंदेला एका जागी स्वस्थ बसता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. जेवताना टेबलाखाली हिच्या टाचा चालू, दुधावर लक्ष ठेवताना ओट्यावर बोटं चालू. बारा मात्रा संपल्या की पुन्हा एकपासून. मुलींच्या शाळेत गणित शिकवते, तिथेही फळ्यावर खडू आपटत असते म्हणे. "अगं लीना, जरा शांत बस की," असं मी रोज म्हणते आणि बावीस वर्षांत ती एकदाही बसलेली नाही.

चोविसाव्या वर्षी ती पुण्याला मैत्रिणीच्या लग्नाला गेली आणि फ्लामेंको बघून आली. स्पेनमधलं नाचगाणं. एक जण गातं, एक जण गिटार वाजवतं आणि नाचणारी लाकडी फळ्यांवर टाचाचवड्यांनी ताल वाजवते. वाजवते म्हणजे खरंच वाजवते, बुटांच्या तळाला बारीक खिळे ठोकलेले असतात. तेव्हापासून हिचं डोकं फिरलं. दर रविवारी पहाटेच्या एसटीने पुणे, रात्री परत नगर. बघायला येणाऱ्यांनी रविवारच सांगितला म्हणून दोन चांगली स्थळं हिने हातची घालवली. माझे यजमान माधव म्हणाले, "दोन महिन्यांत उतरेल भूत." त्यांचं भविष्य कधीच खरं होत नाही.

सासूबाई गेल्यावर घर माझ्या हातात होतं. मी पहिल्याच दिवशी बजावलं, ते जोडे उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. घुंगरांना आपण नमस्कार करतो, ते ठीक. जोड्यांना कोण करतं? लीनाने वाद घातला नाही. ती जोडे पिशवीत घालून जिन्यात ठेवायची, गच्चीवर फळी टाकून तिथे चढवायची आणि तिथेच काढून अनवाणी खाली यायची. एकदा घाईत ती तशीच स्वयंपाकघरात आली, तेव्हा मी अशी काही ओरडले की शेजारच्या कडूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर ती कधी विसरली नाही. दार दिसलं की तिचा हात आपोआप बुटाच्या पट्ट्याकडे जायचा. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

यंदा जानेवारीत तिच्या गुरू, रोसारियोबाई, दहा दिवसांसाठी भारतात आल्या. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत लीना त्यांच्याकडे शिकायला स्पेनला जाऊन आली होती. बाई एकाहत्तर वर्षांच्या, गाणाऱ्या, आणि यापुढे प्रवास बंद असं ठरवूनच निघालेल्या. लीना पुण्यात घोळक्यात नाचलेली, नगरला शाळेच्या स्नेहसंमेलनात मोबाईलवरच्या गाण्यावर नाचलेली. पण आपल्या जिल्ह्यात, एकटीने, समोर गाणारी बाई आणि गिटार, असं कधीच नाही. त्यातून डॉक्टरांनी तिच्या डाव्या गुडघ्याला फार तर वर्षभराची मुदत दिलेली. मी विचारलं, "गाणं मोबाईलवरचं काय नि समोरचं काय, फरक काय पडतो गं?" ती म्हणाली, "मोबाईल माझ्यासाठी थांबत नाही, वहिनी. बाई थांबतात. माझे पाय काय म्हणतायत ते ऐकून पुढची ओळ गातात."

संगमनेरच्या एका सांस्कृतिक मंडळाने कार्यक्रम ठेवला. टेम्पोत फळ्या, मागच्या गाडीत आम्ही. रोसारियोबाई आणि गिटार वाजवणारी ईरा पुण्याहून परस्पर आल्या. वेळ सहाची. सहाला दीपप्रज्वलन झालं, रंगमंचाच्या कोपऱ्यात सरस्वतीचा फोटो, त्यापुढे समई. मग सत्कार सुरू झाले. एक शाल, एक नारळ, चार शब्द. चार शब्द म्हणजे किती ते आपल्याला माहीत आहे. लीना पडद्यामागे सारखी पाय झटकत होती, टाचा उचलत होती, पुन्हा पुन्हा तेच. "पाय गार पडतायत, वहिनी." साडेसात वाजले. रोसारियोबाईंनी ईराला काहीतरी विचारलं. त्यांना वाटत होतं, हाच कार्यक्रम आहे. मी मंडळाच्या अध्यक्षांना, आबासाहेबांना, दोनदा खुणावलं. ते दोन्ही वेळा हसून म्हणाले, "दोनच राहिलेत."

अखेर लीनाचं नाव पुकारलं. ती फळ्यांवर आली, खिळ्यांचा खडखड आवाज झाला आणि आबासाहेब लगबगीने वर चढले. माणूस वाईट नाही. अगदी हात जोडून हळूच म्हणाले, "ताई, तेवढे जोडे काढा. दिवा लावलाय, सरस्वती हाय. लोकं काय म्हंतील?"

मला वाटलं, ही आता भांडेल. भांडायलाच हवं होतं. पण तिने आधी पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत ती खाली वाकून पट्टे सोडायला लागलीसुद्धा. आबासाहेबांचं तिने ऐकलंच नव्हतं. ती माझं ऐकत होती.

रोसारियोबाई गायला लागल्या. लीनाने अनवाणी टाच मारली. नुसती थप. पुन्हा मारली, पुन्हा थप. बाई ओळ अर्धी सोडून थांबल्या आणि तिच्या पायांकडे बघत राहिल्या. गिटारही थांबली. पाचशे माणसांसमोर लीना तशीच उभी, मान खाली. मला माझीच लाज वाटली.

मी सरळ रंगमंचावर गेले. कडेला पडलेले जोडे उचलले, लोकांसमोर कपाळाला लावले. आबासाहेब धावत आले. मी म्हटलं, "तबल्याला आपण नमस्कार करतो ना? तसं हे तिचं वाद्य आहे. वाद्याशिवाय तिने वाजवायचं कसं?"

"मग वहिनी, हे आदी सांगायचं न्हाई का?"

"सांगायचं होतं," मी म्हणाले. "बावीस वर्षं उशीर झाला."

त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी समईकडे पाहिलं. मग म्हणाले, "फळ्या हलल्या तर समई कलंडंल बरं का," आणि स्वतःच्या हाताने समई आणि फोटो खालच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मी गुडघ्यांवर बसून लीनाच्या पायांत जोडे चढवले. पट्टा काही केल्या भोकात जाईना. तिचे पाय बर्फासारखे गार होते आणि थांबत नव्हते. "घट्ट बांध," ती म्हणाली.

मग बाईंनी सोडलेली ओळ परत उचलली. लीना थांबली, ओळ संपू दिली आणि टाच मारली. आजवर गच्चीवरून मला नुसती ठकठक ऐकू यायची. आता बाई गात होत्या, ही उत्तर देत होती, बाई पुन्हा विचारत होत्या. ती चिडत होती, विनवत होती, मधेच गप्प होत होती आणि पुन्हा उसळत होती. हे सगळं लीनाच्या पोटात होतं आणि मी तिला रोज शांत बस म्हणत होते.

"लीना, चुकलं गं माझं," मी रंगमंचाच्या कडेवरून मोठ्याने म्हणाले. टाचांच्या आवाजात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, तिलाही नाही. घरी गेल्यावर नीट सांगू, असं ठरवलं. या गोष्टीला चार महिने झाले, मी अजून सांगितलेलं नाही.